मालगाडीला कुणी हात करत नाही

इंग्लंडला गेलं की लोक लंडन आय करतात, बकिंगहॅम पॅलेससमोर फोटो काढतात. अस्मादिक गेले यॉर्कशायरला, एका काळ्या इंजिनाला भेटायला. तेही आजोबांच्या हुकमावरून!

खरं सांगायचं तर यॉर्कची माझी लिस्ट एकदम वेगळी होती. यॉर्क मिन्स्टरचं ते प्रचंड कॅथीड्रल, शॅम्बल्स नावाची चिंचोळी जुनी गल्ली, आणि चॉकलेट. (आपण ऑफिसात चारच्या चहाबरोबर मोडून खातो ते किटकॅट मूळचं याच गावच्या राउंट्री कंपनीचं, १९३५ सालचं. ही माहिती पुढच्या टी-ब्रेकला वापरा.) निघायच्या आदल्या दिवशी भुसावळला आजोबांना फोन केला. म्हटलं, यॉर्कला मोठं रेल्वे म्युझियम आहे म्हणतात, तुमच्यासाठी फोटो काढून आणते.

"कशाचे?"

"इंजिनांचे."

"पॅसेंजरच्या इंजिनांचे काढशील. ती चकाचक असतात. मालगाडीचं असलं तर बघ."

आजोबा भुसावळच्या लोकोशेडला फायरमन होते. साठच्या दशकात डब्ल्यूजी नावाच्या थोराड इंजिनावर कोळसा टाकायचे. डब्ल्यूजी म्हणजे ब्रॉडगेजचं मालगाडीचं इंजिन. मेल-एक्स्प्रेस ओढणारी बुलेटच्या नाकाची डब्ल्यूपी वेगळी, तिचा तोरा वेगळा. लहानपणी त्यांच्याकडून ऐकलेलं एक वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. फाटकाशी उभी असलेली पोरं मेलला हात करतात, मालगाडीला कुणी हात करत नाही. मालगाडी आली की लोक डबे मोजतात आणि कंटाळतात.

तर, यॉर्कचं नॅशनल रेल्वे म्युझियम. स्टेशनच्या पाठीमागेच, चालत दहा मिनिटांवर. आत जायला तिकीट नाही (लंडनच्या भावांनी हबकलेल्या माणसाला ही केवढी मोठी बातमी!). जिथे एकेकाळी खरोखरीचं इंजिन शेड होतं, त्याच जागी ग्रेट हॉल आहे, आणि मधोमध टर्नटेबल, म्हणजे इंजिन गोल फिरवायची चकती. मी गेले तेव्हा सगळी गर्दी होती निळ्याशार 'मॅलर्ड'भोवती. १९३८ साली ताशी १२६ मैल धावून वाफेच्या इंजिनाचा जागतिक विक्रम करणारी ती हीच. आया पोरांना तिच्यापुढे उभं करून फोटो काढत होत्या, एक जपानी जोडपं सेल्फी घेत होतं. म्हटलं ना, पॅसेंजरचं इंजिन.

आणि मग मला दिसली 'ईव्हनिंग स्टार'.

एक नाव, दोनशे पन्नास नंबर

आधी थोडी ओळख. ब्रिटिश रेल्वेचं १९४८ साली राष्ट्रीयीकरण झालं. रॉबर्ट रिडल्स या इंजिनीअरच्या हाताखाली देशभरासाठी ठरावीक नमुन्याची नवी इंजिनं आखायचं काम सुरू झालं. त्यातलं अवजड मालगाडीसाठी केलेलं मॉडेल म्हणजे 'नाइन-एफ'. पहिलं बाहेर पडलं जानेवारी १९५४ मध्ये, शेवटचं मार्च १९६० मध्ये. एकूण २५१. त्यातली १९८ क्रूच्या कारखान्यात झाली, बाकीची ५३ स्विंडनला.

दिसायला कसं? पुढे दोन छोटी चाकं, मग पाच-पाच फुटांची दहा मोठी चाकं, मागे काहीच नाही. मोठी चाकं दहा का, तर ओढायला ताकद असून भागत नाही, रुळांवर पकड लागते. पावसात बाइकचं मागचं चाक जागच्या जागी फिरतं, तसं इंजिनाचंही होतं. नाइन-एफचं जवळपास सगळं वजन वाफेनं फिरणाऱ्या चाकांवरच होतं, म्हणून पकड घट्ट. शिवाय ८७ टनांचं धूड इतक्या चाकांवर वाटलं गेल्यामुळे एकेका आसावर साडेपंधरा टनांच्या आसपासच भार. त्यामुळे ते हलक्या रुळांवर, जुन्या पुलांवरही चालायचं.

आता गंमत बघा. पाच आसांचं इतकं लांब इंजिन वळणावर अडकणार नाही का? अडकलं असतं. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूला एक उभी कडा असते, ती चाकाला रुळावर धरून ठेवते. नाइन-एफच्या बरोब्बर मधल्या जोडीला ती कडाच दिली नाही! सपाट चाकं. वळण आलं की ती रुळावरून थोडी इकडेतिकडे सरकतात आणि बाकीची चाकं इंजिन सांभाळून नेतात. म्युझियममध्ये मी वाकून, मान तिरकी करून ते चाक शोधलं. सापडल्यावर उगाचच भारी वाटलं.

भट्टीची जाळी ४० चौरस फुटांची, म्हणजे मुंबईतल्या आपल्या भाड्याच्या वन बीएचकेतल्या बाथरूमएवढी. एवढी रुंद भट्टी चाकांच्या मधे मावेना, मग ती चाकांच्या वर चढवली, आणि तिच्यापायी बॉयलरही वर गेला. बॉयलर आणि चाकं यांच्यामध्ये आरपार उजेड दिसतो. या अवतारामुळे इंजिनाला टोपणनाव पडलं 'स्पेसशिप'.

आणि हे मालगाडीचं यान पळायचंही. पन्नासच्या दशकाच्या शेवटी कुठेकुठे पॅसेंजर गाड्या त्याला जोडल्या गेल्या, तेव्हा ताशी ९० मैलांच्या नोंदी झाल्या. पाच फुटांचं चाक त्या वेगाला सेकंदाला आठ फेऱ्या घेतं. साहेब लोक घाबरले आणि वेगावर बंधन आलं. मालगाडीच्या इंजिनानं इतकं पळायचं नसतं!

पण त्याचं खरं काम होतं दगड, लोखंड आणि कोळसा वाहायचं. टाइन डॉकहून कॉन्सेटच्या पोलाद कारखान्यापर्यंत लोहखनिज न्यायला दहा नाइन-एफ खास सजवली होती. त्यांना हवेचे पंप बसवले, आणि त्या हवेच्या जोरावर वाघिणींची दारं उघडायची. (वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा, हे नव्या वाचकांसाठी. काय शब्द आहे!) चढ एवढा की एक इंजिन पुढून ओढायचं आणि दुसरं मागून ढकलायचं.

यातल्या २५० इंजिनांना रेल्वेनं नावं दिली नाहीत. ९२००० पासून ९२२५० पर्यंत नुसते नंबर. रंग काळा, त्यावर साधी नक्षीची रेघसुद्धा नाही. सगळ्यांत शेवटचा क्रमांक ९२२५०, पण तो क्रूचा, आधीच तयार झालेला. सर्वांत शेवटी बाहेर पडलं ते स्विंडनचं ९२२२०. ब्रिटिश रेल्वेनं बांधलेलं अखेरचं वाफेचं इंजिन. त्या नव्या नमुन्यांच्या मालिकेतलं ९९९ वं! आता पुढे डिझेल आणि वीज, हे १९५५ च्या आधुनिकीकरणाच्या योजनेत आधीच ठरलं होतं. गंमत म्हणजे बहुतेक नाइन-एफ ही योजना जाहीर झाल्यानंतर बांधली गेली.

या शेवटच्याला मात्र काय काय मिळालं! पॅसेंजर इंजिनाचा हिरवा रंग. धुरांड्याला तांब्याची झळाळती कड. नाव काय ठेवायचं म्हणून वेस्टर्न रीजनच्या कर्मचाऱ्यांच्या मासिकात स्पर्धा. एक ड्रायव्हर, एक बॉयलरमेकर अशा तिघा कर्मचाऱ्यांनी सुचवलेलं नाव निवडलं गेलं, ईव्हनिंग स्टार. १८ मार्च १९६० रोजी स्विंडनला समारंभ झाला. धूर वर ढकलायला पुढे जे दोन पत्रे असतात, त्यांवर नावाची पाटी आणि खाली हे शेवटचं इंजिन असल्याचा फलक.

तो फलक वाचताना मला आमचा एक लेआउटवाला दादा आठवला. मी पहिली नोकरी ज्या मासिकात केली ते दोन वर्षांतच बंद पडलं. हा दादा तिथं कितीतरी वर्षं पानं लावायचा, त्याचं नाव कधीच छापून यायचं नाही. शेवटच्या अंकात आलं. ठळक टायपात, फोटोसकट. आम्ही केक कापला. तो अंक घेऊन तो लोकलच्या दारात उभा असलेला मला अजून दिसतो.

ईव्हनिंग स्टारचं पुढे काय झालं? १९६५ च्या मार्चमध्ये सेवेतून काढलं. पाच वर्षांत! जे इंजिन सहज तीस-चाळीस वर्षं चाललं असतं ते. मधल्या काळात तिनं एक मानाची गाडी ओढली. सप्टेंबर १९६२ मध्ये डोंगराळ सॉमरसेट-डॉरसेट मार्गावरून 'पाइन्स एक्स्प्रेस' शेवटची धावली, तेव्हा पुढे तीच होती. म्हणजे इथेही निरोपालाच. पण नाव आणि रंग होता म्हणून ती म्युझियमसाठी राखली गेली. बाकीची बहिणींची रांग भंगारात. जून १९६८ मध्ये शेवटचं नाइन-एफ थांबलं आणि ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या मुख्य मार्गांवरची नेहमीची वाफ संपली.

मी फोटो पाठवले. आजोबांचा व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज आला. "हिरवं आहे. मालगाडीचं नाही वाटत. काळं बघ."

काळं बघायचं तर...

काळं बघायला यॉर्कहून ८४० नंबरची कोस्टलायनर बस पकडायची आणि पिकरिंगला उतरायचं. वाटेत मेंढ्या, दगडी कुंपणं आणि जांभळ्या हेदरच्या टेकड्या. पिकरिंगहून नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वे सुटते, १८ मैलांवरच्या ग्रॉसमाँटपर्यंत. मार्ग मूळचा जॉर्ज स्टीफन्सनचा, १८३६ चा, तेव्हा घोडे डबे ओढायचे. १९६५ मध्ये तो बंद झाला, १९७३ पासून हौशी लोकांनी पुन्हा चालवला. आजही बरीचशी माणसं स्वयंसेवक आहेत. फेऱ्या मुख्यतः वसंत ऋतूपासून ऑक्टोबरपर्यंत असतात. कुठल्या दिवशी कुठलं इंजिन, हे आधी वेबसाइटवर बघून जा, कारण इंजिनं दुरुस्तीला जातात, पाहुणी म्हणून दुसऱ्या गावाला जातात. (म्युझियममधलीही जातात. ईव्हनिंग स्टारसाठी जाणार असाल तर एक मेल टाका.) मधलं गोथलँड स्टेशन तुम्ही पाहिलेलं आहे. पहिल्या 'हॅरी पॉटर'मध्ये हॉग्समीड म्हणून हेच वापरलं होतं. तिथे गळ्यात मफलर घातलेली पब्लिक कायम असते.

मला हवं होतं ९२१३४. क्रूला १९५७ मध्ये बांधलेलं, १९६६ च्या डिसेंबरात काढून टाकलेलं. जेमतेम साडेनऊ वर्षांची नोकरी! मग ते गेलं वेल्समधल्या बॅरी बंदराजवळच्या वुडहॅम ब्रदर्सच्या भंगारवाड्यात. या भंगारवाड्यावर खरं तर सिनेमा निघायला हवा. मालक डाय वुडहॅमकडे जुन्या वाघिणीही तोडायला आल्या होत्या, आणि त्या तोडायला सोप्या. म्हणून त्यानं आधी वाघिणी तोडल्या आणि इंजिनं 'नंतर बघू' म्हणून समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी ठेवली. ते 'नंतर' कित्येक वर्षं आलंच नाही. तोवर हौशी मंडळी वर्गण्या काढून इंजिनं विकत घ्यायला लागली. तिथे आलेल्या २९७ पैकी २१३ इंजिनं अशी वाचली. आळसाचे असेही फायदे असतात, बॉसला सांगू नका. सगळी मात्र वाचली नाहीत. ९२०८५ नावाचं, चुकले, नंबरचं नाइन-एफ एवढी वर्षं तग धरून १९८० मध्ये तोडलं गेलं.

२५१ पैकी उरली नऊ. ९२१३४ पुन्हा वाफेवर यायला २०१९ उजाडलं. एकाच नळीचं साधं धुरांडं असलेलं उरलेलं हे एकमेव.

उरलेल्यांपैकी आणखी एकाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ९२२०३ हे इंजिन १९६७ मध्ये डेव्हिड शेफर्ड या चित्रकारानं थेट रेल्वेकडून विकत घेतलं. (एक पाय वर करणारे अंपायर शेफर्ड ते वेगळे.) हा माणूस हत्ती आणि वाघ रंगवायचा. चित्रं विकून इंजिन घेतलं आणि हौसेनं त्याचं नाव ठेवलं 'ब्लॅक प्रिन्स'. त्याच्या 'टायगर फायर' या चित्रातून १९७३ मध्ये आपल्या व्याघ्र प्रकल्पासाठी १,२७,००० पौंड उभे राहिले. या ब्लॅक प्रिन्सनं १९८२ मध्ये सॉमरसेटच्या एका दगडखाणीत २,१०० टनांहून जास्त वजनाची गाडी एकट्यानं ओढून दाखवली. ब्रिटनमध्ये वाफेच्या इंजिनानं ओढलेली ती सर्वांत वजनदार गाडी. निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी!

तर ग्रॉसमाँट. तिथल्या शेडकडे जायला स्टीफन्सनच्या काळातल्या घोडागाडीच्या बोगद्यातून चालत जावं लागतं. अंधार, ओल, आणि पलीकडून तेल आणि जळत्या कोळशाचा वास. तो वास मला ओळखीचा वाटला. आजोबांच्या जुन्या पत्र्याच्या पेटीला येतो तसा.

इंजिन प्लॅटफॉर्मला लागलं होतं. म्युझियममधल्या हिरव्यापेक्षा मोठं वाटलं, कदाचित जिवंत असल्यामुळे. काळं, तेलकट, गरम. चाकांपाशी उभं राहिलं की उष्णता गालाला लागते. फूटप्लेटवर दोघंच, ड्रायव्हर आणि फायरमन. फायरमन तिशीतला, तोंड काळं, गळ्यात मळका रुमाल. सोमवार ते शुक्रवार लीड्समध्ये एक्सेल शीट भरतो, म्हणाला. मी म्हटलं, माझे आजोबा हेच काम करायचे, इंडियात. तर त्यानं फावडं खाली ठेवून हात पुसले आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं.

कोळसा कुठला, विचारलं. त्यानं खांदे उडवले. आता बाहेरच्या देशांतूनच येतो. यॉर्कशायरमधली केलिंग्ली ही ब्रिटनची शेवटची खोल कोळसाखाण २०१५ मध्ये बंद झाली. कॉन्सेटचा पोलाद कारखाना तर १९८० मध्येच गेला. जे वाहायला ही इंजिनं बांधली ते सगळं संपलं. आता ती आपल्यासारख्यांना, सँडविच आणि कॅमेऱ्यांसकट, वाहतात.

घाटातला कॉल

ग्रॉसमाँटहून गोथलँडकडे जाताना चढ आहे, ४९ फूट पुढे गेलं की एक फूट वर. आपल्या कसारा घाटात हेच ३७ ला एक आहे, तेव्हा फार कौतुक नको. पण पहिल्या डब्याच्या खिडकीशी बसा आणि ऐका. आधी संथ, मोकळे फुत्कार. मग चढ लागतो, आवाज जाड होतो, डब्याची काच थरथरते. पुढे सात डबे असले काय किंवा चाळीस वाघिणी, ते जराही घाई करत नाही.

मी आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. भुसावळला चहाची वेळ. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. फोन कानाला लावला. मला नुसता त्यांचा कान दिसत होता, पांढऱ्या केसांसकट.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चार ठोके. आपल्यासारखंच आहे की."

दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेरीला चार फुत्कार येतात. डब्ल्यूजीमध्येही तेच. त्या डब्ल्यूजी सुरुवातीला ग्लासगोहून आल्या, मग चित्तरंजनला बनू लागल्या, एकूण जवळपास अडीच हजार. आणि चित्तरंजनला १९७० मध्ये शेवटची बनली तेव्हा तिचं नाव काय ठेवलं असेल? 'अंतिम सितारा'! मी हे आजोबांना सांगितलं. त्यांना माहीत होतं.

"आमच्याकडे नावं नव्हती," ते म्हणाले. "तारा आल्या इगतपुरीकडून, विजेचं इंजिन आलं. एक दिवस पाळीला गेलो तर आमचं इंजिन रांगेत नव्हतं. विचारलं, तर म्हणाले, गेलं. कुठे गेलं ते कोणी सांगितलं नाही."

तेवढ्यात गोथलँड आलं. फलाटावर हॅरी पॉटरवाल्यांची गर्दी. पोरं, आया, आजोबा, एक कुत्रासुद्धा. सगळे इंजिनाकडे बघून हात करत होते. मी फोन खिडकीबाहेर धरला. म्हटलं, "आजोबा, आता कान नको, बघा."

त्यांनी बघितलं. चष्मा वर केला, फोन जवळ घेतला, लांब धरला.

"फायरमन कितीजण आहेत?"

"एकच."

"एकटाच? एवढ्या भट्टीला? आम्ही दोघं असायचो." मग जरा विचार करून, "त्याला सांग, मागचे दोन्ही कोपरे भरलेले ठेव. तिथून हवा मारली तर वाफ पडते."

गाडी थांबल्यावर मी पुढे पळत गेले आणि हा निरोप दिला. लीड्सचा एक्सेलवाला हसला, टोपी काढली आणि फोनकडे बघून "येस, सर" म्हणाला. आजोबा एकदम ताठ बसले.

"पगार किती आहे याला?"

"काही नाही. फुकट करतो. सुट्टीच्या दिवशी, हौस म्हणून."

आजोबा गप्प. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"वेडा आहे," ते म्हणाले. आणि मग, "उद्या असशील तिथं? याच वेळेला लाव फोन."